बोरॉनची फेरी : दोन कयाक, दोन गाड्या (भाग पहिला)

आदला दिवस, वेल्स

क्वेनेल सोडून पूर्वेला निघालं की डोंगरात वेल्स येतं आणि त्याच्यापुढे बार्करव्हिल. १८६२ मध्ये बिली बार्करला इथे सोनं लागलं आणि रानात गाव उभं राहिलं. आता उन्हाळ्यात याच भागातून टपावर होड्या बांधलेल्या मोटारी बोरॉन लेक प्रांतिक उद्यानाकडे जातात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं हे उद्यान १९६१ चं. कॅरिबू पर्वतातली सरोवरं आणि त्यांना जोडणाऱ्या नद्या मिळून इथे ११६ किलोमीटरचं, जवळजवळ चौकोनी कडं तयार झालं आहे. त्यावरून वल्हवत निघालेला माणूस आठवड्याभराने फिरून आरंभाशी येतो.

पण सगळी वाट पाण्यातून नाही. दोन सरोवरांमध्ये जमीन आली की होडी तिच्यावरून न्यावी लागते, आणि त्यातले तीन मोठे टप्पे अगदी सुरुवातीलाच आहेत : २.४, २.० आणि १.६ किलोमीटर. म्हणून इथे वल्ह्याआधी चाकांचा विचार करावा लागतो.

व्हँकुव्हरहून आलेल्या दोघी बहिणींचा आजचा दिवस त्यातच गेला. दोघींच्या कयाक प्लास्टिकच्या, पाच मीटर लांब, रिकाम्या असताना पंचवीस किलोच्या आसपास. थोरलीकडे फुग्यासारख्या रुंद चाकांची गाडी होती. मऊ वाळूत तिच्यासारखी दुसरी नाही, पण ती चाकं कयाकच्या कुठल्याच कप्प्यात शिरत नाहीत. ती घरीच राहिली. कयाकच्या तळातल्या भोकांत खुंट्या घालून उभी राहणारी गाडी मिळते, पण ती वर उघडं बसायच्या कयाकसाठी. शिवाय सगळा भार त्या भोकांच्या कडांवर येतो आणि खडबडीत वाटेवर तिथलं प्लास्टिक तडकू शकतं. मागच्या टोकाला अडकवायची छोटी गाडी स्वस्त नि हलकी, पण तिच्यामुळे जवळपास निम्मं वजन ओढणाऱ्याच्या हातात राहतं. मोटारीपासून धक्क्यापर्यंत ठीक, दोन किलोमीटर नाही.

उरली ती पोटाखाली बसणारी, दोन गादीदार आडव्या दांड्यांची गाडी. थोरलीने हवा भरलेली मोठी चाकं घेतली, धाकटीने भरीव रबराची. हवेची चाकं खड्यांवरून मऊ चालतात आणि धक्के पोटात घेतात. मात्र पंप नि पंक्चरचं सामान सोबत हवंच. भरीव चाकाला काटा लागला तरी फिकीर नाही, पण प्रत्येक दगड कयाकपर्यंत पोचतो. दोघींनी एक गोष्ट मात्र सारखीच पाहिली : खीळ काढली की चाक हातात आलं पाहिजे.

दिवस पहिला, किबी आणि इंडियनपॉइंट

सकाळी नोंदणी केंद्रावर सूचना आणि मग वजन. गाडीवर चढवलेल्या होडीत २८ किलोपेक्षा जास्त सामान ठेवता येत नाही, उरलेलं पाठीवर. नियम जाचक वाटतो खरा, पण त्याच्यामागचं कारण पायाखालीच आहे. भरलेल्या होड्यांची चाकं ओल्या मातीत चर पाडतात, चरात पाणी साठतं, आणि मागून येणाऱ्याला चिखल मिळतो. दुसरं कारण कयाकच्या पोटात आहे : आडव्या दांड्यांवर टेकलेलं प्लास्टिक जड सामानाने आत दबतं, उन्हात तर लवकरच. त्यामुळे हा नियम होडीच्याही भल्याचाच आहे.

खरी मेख वजन कुठे ठेवायचं ही. बैलगाडीत मागे माल जास्त झाला की ती उलाळ होते, इथेही तेच. डबे आणि पाण्याच्या पिशव्या बसायच्या जागेच्या पुढे-मागे, कण्याजवळ. झोपायच्या पिशव्या टोकांना. तोल असा साधायचा की पुढचं टोक एका हाताने सहज उचललं जावं आणि सोडल्यावर ते अलगद खाली यावं, मागचं नव्हे. पट्टे कयाकभोवती आवळून झाले की आणखी एक पट्टा गाडीपासून पुढे, बसायच्या जागेच्या कडेला. तो नसेल तर चाक मुळावर अडताच गाडी मागे सरकते आणि कयाक पुढे निघून जाते. दात्यांच्या खटक्याने आवळायचा पट्टा इथे नको. त्याच्या जोराने तळ चेपतो. साधं बकल नि हाताची ओढ पुरते.

किबी सरोवराकडची पहिली वाट चढ-उताराची. उतारावर धाकटी मागच्या दोरीला धरून राहिली. मध्येच ती ओरडली, “ताई, थांब गं, डावीकडचा पट्टा सैल झालाय!” पहिल्या पाचशे पावलांत पट्टे बसतात, म्हणून थांबून पुन्हा आवळणं हे कामच समजायचं.

किबी सरोवर छोटं. ते ओलांडून दोन किलोमीटरची दुसरी वाट, आणि मुक्काम इंडियनपॉइंट सरोवराच्या काठी. खाण्याच्या पिशव्या अस्वलांपासून राखलेल्या मचाणावर गेल्या.

दिवस दुसरा, आयझॅककडे

तिसरी वाट, १.६ किलोमीटर. कालच्या ओढीने अंग आखडलेलं, पण हात सरावलेले. फरक आज कळला : थोरलीची हवेची चाकं थोडी हवा सोडल्यावर मुळांवरून जवळजवळ निःशब्द गेली, धाकटीची कयाक खडखडत राहिली. चिखलात मात्र दोघींची सारखीच परीक्षा झाली.

दिवस तिसरा, आयझॅक सरोवर

आयझॅक ३८ किलोमीटर लांब, डोंगरांच्या कुशीत वळलेलं. आज गाडीचं काम शून्य, आणि नेमकी आजच ती नीट ठेवलेली असायला हवी. चाकं कयाकच्या मागच्या पाठीवर बांधली की वारा त्यांना धरतो, वजन उंचावर जातं, कयाक डुलते. थोरलीची मोठी चाकं कप्प्यात गेली नाहीत, पाठीवर बांधावी लागली. दुपारी वारा सुटल्यावर तिला सतत टोक सावरावं लागलं. धाकटीची भरीव, लहान चाकं आत तळाशी होती आणि तीच कयाक स्थिर चालली. वाटेवर जिंकलेली गाडी पाण्यात हरली. दोघींपैकी कुणाची निवड सरस, याचं एकच उत्तर देता येत नाही. पण ज्या फेरीत जमिनीचे बरेच मोठे टप्पे पहिल्या दोन दिवसांत संपतात आणि नंतर लांबच लांब पाणी येतं, तिथे कप्प्यात मावणाऱ्या चाकाकडे कल झुकावा असं वाटतं.

संध्याकाळी काठावर दोघींनी चाकं काढून चिखल धुतला, कण्यातली वाळू पुसली, बोल्ट तपासले. सरोवर जिथे संपतं तिथे आयझॅक नदी अरुंद घळीतून जोरात सुटते आणि लगेच वळते. त्या पाण्यात कयाक घालायची की शेजारच्या वाटेवरून न्यायची, हे उद्या पाणी बघून ठरेल. धाकटीने मात्र गाडी कप्प्यात परत न ठेवता हाताशी ठेवली आहे.