दोन मिनिटं आणि लाल कार्ड

इंजिनिअरिंगला आल्यापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. आपण बोलतो भरपूर, पण बोलायची वेळ आली की गप्प! मेसच्या भाजीवर आपली रूम पार्टनर अर्धा तास न थांबता बोलू शकते. तीच व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर बसली की ‘सर... म्हणजे... ॲक्च्युअली...’ यापुढे गाडी सरकत नाही. सेमिनारचं तर विचारूच नका. तोंड पडद्याकडे, पाठ वर्गाकडे आणि शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारताना मनात एकच प्रार्थना, देवा, कुणी काही विचारू नये!

मी कॉन्व्हेंटची. आमच्याकडे इलोक्यूशनला फार महत्त्व. भाषण पाठ करायचं, ठरलेल्या वाक्याला ठरलेला हात वर करायचा, पहिलं बक्षीस घ्यायचं आणि खाली उतरायचं. शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड. स्टेजची भीती गेली हे खरंच. पण आपण बोललेलं समोरच्याला पटलं का, त्याच्या काही कामाला आलं का, हे विचारायची तिथे पद्धतच नव्हती. ती पद्धत मला दारव्ह्याला, माझ्या गावातच बघायला मिळाली.

हिवाळी परीक्षा संपवून घरी गेले होते. दारव्ह्यात दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर पंधरा-वीस माणसं जमतात. मंडळाला नाव नाही, पावतीबुक नाही, अध्यक्षसुद्धा दर रविवारी नवा. नियम मात्र कडक! ते टोस्टमास्टर्सकडून उसने घेतलेले. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे वायएमसीएमध्ये असा क्लब सुरू केला आणि पुढे तो जगभर पसरला. आमचं मंडळ त्या संस्थेचं सभासद नाही, पण पद्धत तीच. तयार भाषणाला पाच ते सात मिनिटं. चिठ्ठी उचलून आयत्या वेळी बोलायचं असेल तर एक ते दोन मिनिटं. एक जण घड्याळ बघतो, एक जण ‘अं... अं...’ मोजतो, एक जण भाषेवर लक्ष ठेवतो. प्रत्येक तयार भाषणानंतर दुसरा कुणीतरी उठून दोन-तीन मिनिटांत सांगतो की काय चांगलं झालं आणि काय सुधारता येईल. मला घड्याळाचं काम मिळालं. हिरवं, पिवळं, लाल अशी तीन कार्डं. जर्नलच्या उरलेल्या कार्डशीटमधून मीच कापली.

त्या रविवारी जिनिंगमधून रिटायर झालेल्या एका काकांना ‘स्टेशन’ ही चिठ्ठी आली. ते शकुंतलेवर बोलले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरोगेज गाडी दारव्ह्यावरून जायची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता ती गाडी बंद आहे. काकांनी ‘आमच्या काळी’ असं एकदाही न म्हणता फक्त गाडीची शिट्टी, कोळशाचा वास आणि कापसाच्या गाठी एवढंच सांगितलं. लाल कार्ड दाखवायला माझा हातच वर होईना.

मग पुण्याला आयटीत असलेला एक दादा ‘टाइम मॅनेजमेंट’वर बोलला. त्यानंतर उठल्या एक ताई. तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामपंचायत सदस्य. २०११ पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण कागद आणि गाव यात फरक असतो ना! सही ताईंची, बोलणं नवऱ्याचं, असं दोन वर्षं चाललेलं. आता २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांना स्वतः बोलायचं होतं, म्हणून त्या इथे यायच्या. पदर घट्ट धरून त्या बोलू लागल्या.

‘माह्या गल्लीत बेचाळीस घरं हायत. नळ समद्यायच्या दारात हाय. पानी कोनाच्याच नळाले नाही. पुढच्या गल्लीत टिल्लू पंप लावते, मंग मांगं काय येते? हवा!’

सगळे हसले, पण नंतर एकदम शांत झाले. मी सिव्हिलची, मला तर हे सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. लाईनच्या टोकाला प्रेशर उरत नाही, त्यात पुढच्यांनी मोटार लावून ओढलं की संपलंच. आपण ‘हेड लॉस’ची दोन पानं गणितं करतो, ते ताईंनी एका ‘हवा’मध्ये सांगितलं.

खरी मजा पुढे झाली. भाषेवर लक्ष ठेवणाऱ्या सरांनी आपली यादी वाचली. ‘माह्या’, ‘समद्यायच्या’, ‘नळाले’, ‘मांगं’... एकूण चौदा अशुद्ध शब्द. ताईंचा चेहरा पडला. तेव्हा जिनिंगवाले काका म्हणाले, ‘सर, यातला कोणता शब्द आपल्याला समजला नाही?’ सर म्हणाले, ‘समजले सगळे. पण सभेत प्रमाण भाषा हवी की नको?’ सरांचंही अगदीच चूक नव्हतं. अर्ज लिहायचा, तहसीलमध्ये बोलायचं, तर ती भाषा यावी लागते. अर्धा तास वाद चालला. शेवटी ताईच म्हणाल्या, ‘मले ज्यायले सांगाचं हाय, थे माहेच लोकं हायत. त्यायले समजलं पायजे. अर्ज लिवाले मी तुमच्याकडे येईन, सर.’

तेव्हापासून नियम बदलला. भाषेवाल्याने ऐकणाऱ्याला अडलेले शब्दच मोजायचे. त्या हिशेबात ताईंचे शून्य निघाले आणि आयटीवाल्या दादाचे फक्त ‘बेसिकली’च अकरा!

ताईंना सूचना मिळाल्या त्या वेगळ्याच. बेचाळीस घरांचा आकडा आधी सांगा, तो चांगला आहे. पुढच्या गल्लीवर चिडू नका, तिथलेही लोक सभेला असतील. आणि शेवटी मागणी एकच ठेवा. तक्रारीवर नुसती चर्चा होते, मागणीवर ठराव होतो. ही शेवटची सूचना मी वहीत लिहून घेतली.

अशा सभा आपल्याकडे नव्या नाहीत बरं का. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. निबंध वाचायचे आणि त्यावर चर्चा करायची. दादाभाई नौरोजी त्यातलेच. पण ही मुलं चर्चेवर थांबली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि पगार न घेता तिथे शिकवलं. आपल्याच वयाची मुलं होती ती! पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमालाही अशीच, लोकांसमोर विचार मांडायची जागा. आणि लांब कशाला जायचं? जानेवारी २०१९ मध्ये आमच्या यवतमाळला ९२वं मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. कर्जापायी नवरा गमावलेल्या, कळंब तालुक्यातल्या एका शेतकरी घरातल्या बाई. समोर साहित्यिक बसलेले आणि त्या आपल्यासारख्या बायांचं जगणं सांगत होत्या. ते ऐकवायला त्यांना इलोक्यूशनचं सर्टिफिकेट लागलं नाही.

ग्रामसभेच्या वेळी मी होस्टेलला परत आले होते. रात्री फोन आला. ताई उभ्या राहिल्या. मधे कुणीतरी म्हणालं, ‘तुमच्या मालकायले बोलू द्या.’ ताई म्हणाल्या, ‘निवडून मी आली.’ आणि पुढे बोलत राहिल्या. मागच्या गल्लीचा व्हॉल्व्ह सकाळी आधी उघडायचा, असा ठराव झाला. प्रोसिडिंग बुकात सूचक म्हणून ताईंचं नाव लिहिलं गेलं. पाणी अजून रोज येत नाही, पण एक दिवसाआड हंडे भरतात.

मित्रांनो, आपल्यालाही कॅम्पसला जीडी द्यायचा आहे, इंटरव्ह्यू द्यायचे आहेत. त्याआधी वॉर्डनसरांना गीझरबद्दल सांगायचं आहे, घरी स्वतःच्या करिअरबद्दल सांगायचं आहे. यातलं कुठलंच भाषण पाठ करून जमणार नाही. म्हणून एक सुचवते. रविवारी रात्री मेस बंदच असते. जेवायला बाहेर पडण्याआधी एक तास कॉमन रूममध्ये जमूया. इंग्लिश, मराठी, वऱ्हाडी, हिंदी, जे येईल त्यात बोलूया. हसायला बंदी नाही, पण हसणाऱ्याने पुढची चिठ्ठी उचलायची!

कार्डं माझ्याकडे आहेत. लालसुद्धा.