साच्यावरचे हात

मुंबईच्या लालबाग-परळचं नाव निघालं की मला कापडगिरण्यांच्या चिमण्यांच्या आधी हात दिसतात. साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या माणसाचे हात. ताण्यातला धागा तुटला की ते क्षणात तिथे पोचत. दोन बोटांत बारीकशी गाठ बसे आणि साचा पुन्हा धडधडू लागे. त्या गदारोळात शब्द ऐकू येत नसत, म्हणून माणसं एकमेकांचे ओठ वाचत, खुणांनी सुखदुःख सांगत. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली. त्या घामात आठ तास उभं राहणं हीसुद्धा एक विद्याच. कोकणातून, घाटावरून आलेला पोरगा आधी बदली कामगार म्हणून गेटवर थांबे, आत घेतला की गाववाल्याच्या शेजारी उभा राहून सारं शिके.

सगळ्यांना मात्र ते शिकू दिलं जात नव्हतं. धोट्यात नवी कांडी घातली की छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाचं तेवढं कारण पुढे करून दलित कामगारांना जास्त पगाराच्या साचेखात्यापासून दूर ठेवलं. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी याविरुद्ध आवाज उठवला. नवं काम शिकायला मिळणं हा हक्काचा प्रश्न आहे, हे मला या इतिहासाने शिकवलं.

18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही; हजारोंना मात्र पुन्हा कामावर घेतलं नाही, आणि पुढे गिरण्याच बंद होत गेल्या. 1986 मध्ये केंद्र सरकारने बंद गिरण्यांतल्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला: पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. पुढे 1992 मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. कामगारांना नवी कामं शिकवणं हा त्याचा एक घोषित हेतू. पैसा मात्र मुख्यतः स्वेच्छानिवृत्तीवर गेला. याचा मला आजही राग येतो. निवृत्तीची रक्कम मुलीच्या लग्नात, गावच्या घरात, सावकाराच्या देण्यात विरून जाते. पंचेचाळिशीच्या माणसाने चूल थंड पडल्यावर कुठल्या मनाने वर्गात बसावं? शिकवायचं तर भोंगा वाजत असताना, पगार चालू असताना, पाळीतलेच दोन तास काढून शिकवावं.

लालबाग-परळच्या याच गिरणगावात 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या. भाकरी थापणं सोडा, असं त्यांना कोणी सांगितलं नाही. त्याच कामासाठी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तिथे त्यांच्या कसबाला किंमत होती. साचेवाल्यालाही गेट बंद होण्याआधी कोणीतरी जवळ बसवून विचारायला हवं होतं: तुम्हाला काय काय येतं, आणि आता पुढे काय शिकायचंय?