फेब्रुवारीतला बीड जिल्हा

कतार हा देश आपल्या बीड जिल्ह्याहून थोडासाच मोठा. कतारचं क्षेत्रफळ साडेअकरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, बीडचं १०,६९३. लोकसंख्याही जवळजवळची: कतारच्या २०२० च्या जनगणनेत २८ लाख ४६ हजार माणसं भरली, बीडमध्ये २०११ साली २५ लाख ८५ हजार ४९. नाव, राजधानी, क्षेत्रफळ, लोकसंख्या, राज्यकारभार असे देशांचे तक्ते मी फार आवडीनं वाचते. कतारपाशी मात्र थबकते. तिथं मोजलेल्यांतले बहुसंख्य लोक कामासाठी परमुलखातून आलेले. पुरुष बायकांच्या दुपटीहून जास्त. नेपाळ, बांगलादेश, केरळमधल्या घराघरांतून उणी झालेली माणसं त्या एका आकड्यात अधिक झाली आहेत. मग नजर आपसूक बीडच्या आकड्यावर येते. त्यातून कोण उणं आहे?

आपल्याकडं शिरगणती फेब्रुवारीत होते. २०११ साली ती ९ ते २८ फेब्रुवारी चालली आणि १ मार्चची मध्यरात्र हा हिशेबाचा क्षण धरला गेला. नियम असा, की मोजणीचे सगळे दिवस जो माणूस घरापासून लांब असेल त्याला तो जिथं असेल तिथं मोजायचं. आणि फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा भर हंगाम.

त्या महिन्यात पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यातून फिरावं. ज्वारी काढणीला आलेली असते आणि रानात पाठीत वाकलेली म्हातारी माणसं दिसतात. दाराला कुलूप, कुलपावर धूळ, ओट्यावर शेजारचं कुत्रं. हंगामी वसतिगृह चालू असेल तर आजीजवळ राहिलेली पोरं संध्याकाळी शाळेत जेवायला जमतात. त्यांचे आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, तान्हं मूल घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, जिथं कारखाना तिथं उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे झोपडी. पहाटे अंधारात कोयता चालू होतो, वाढे बांधायचे, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. गाडी भरायला रात्र झाली तर रात्रीच. कोपीत दिवा नसतो, न्हाणीला आडोसा नसतो, आणि पाळी आलेल्या बाईलाही तीच मोळी तितक्याच उंचीवर चढवावी लागते. हे लिहिताना माझा हात जड होतो.

ही माणसं का जातात, याचं उत्तर जमिनीत आहे. जिल्ह्याच्या मध्यातून बालाघाटाची रांग गेली आहे. उत्तरेला गोदावरीकाठची काळी, सखल गंगाथडी. वर माळरान, मुरूम, खडक. सह्याद्रीनं पाऊस अडवून धरल्यावर जे ढग उरतात ते इथं येतात. पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते आणि जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पूर्वेकडं जाते. सिंदफणाही पाटोद्याच्याच डोंगरातली, पण ती उत्तरेला वळून माजलगावचं धरण भरते आणि गोदावरीला मिळते. मांजरा लातूर, बीदर असा मोठा वळसा घेऊन शेवटी तेलंगणाच्या हद्दीवर, कंदकुर्तीपाशी, त्याच गोदावरीत जाते. एकाच डोंगराच्या दोन लेकी एकाच घरी पोचतात, आणि ज्या गावांच्या अंगणातून त्या निघतात तिथं उन्हाळ्यात टँकर येतो.

राज्यकारभाराचा रकाना इथं सारखा बदलत गेला. १७६३ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीकाठच्या राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. तरी मुलूख पुढं निजामाकडंच राहिला. बीड, अंबाजोगाई, आष्टी हैदराबाद संस्थानात. संस्थानाचं नाणं वेगळं, टपाल वेगळं, आणि आष्टीच्या पलीकडं लगेच इंग्रजांचा नगर जिल्हा. तेव्हा मोमिनाबाद म्हटल्या जाणाऱ्या अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांनी मुक्तिलढा उभा केला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. बारा वर्षांत चार राजवटींच्या शिक्क्यांखाली एकच सातबारा गेला. बीड शहरात रेल्वे यायला मात्र २०२५ चा १७ सप्टेंबर उजाडला. तोवर ऊसतोडीच्या गाड्या डोंगर उतरून जातच होत्या.

मजूर गोळा करून फडावर नेणाऱ्या मुकादमाची मोजणी जनगणनेहून वेगळी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि सहसा नवऱ्याच्या हातात पडते. ताप आला म्हणून एक दिवस कोपीत बसलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. बाईचे अर्धे श्रम, अर्धी कमाई त्या एका आकड्यात विरघळून जाते. आता कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याचं काम ग्रामसेवकांकडं दिलं आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळही आहे. ओळखपत्रावर बाईचं नाव स्वतंत्र लिहिलं जातं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ग्रामसभा नेहमी होतात त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी. जानेवारीच्या सभेला अर्धं गाव फडात असतं, ऑक्टोबरच्या सभेला निघायच्या तयारीत. गावाच्या पाण्याचं, रस्त्याचं ठरतं ते मागं राहिलेल्यांनी वर केलेल्या हातांवर. निवडणूक हंगामात आली, जशी २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची आली, की लांबच्या फडावरून येऊन मत टाकायचं म्हणजे मजुरी बुडवायची.

त्याच २०११ च्या मोजणीत आणखी एक आकडा आहे. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८०७ मुली, महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. दहा वर्षांपूर्वी तो ८९४ होता. या उण्या झालेल्या मुली कुठल्या फडावर गेलेल्या नव्हत्या. त्या कुठल्याच जिल्ह्याच्या तक्त्यात सापडणार नाहीत.

फडावर गेलेल्यांना मात्र शोधता येतं. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरली आहे, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, ऊस उभा असताना. प्रगणकानं रस्त्यावरून कोपी मोजून पुढं जाऊ नये. वाकून आत जावं, सकाळी कुणी नसेल तर रात्री परत यावं, बाईला तिच्याच तोंडून नाव विचारावं, आणि जन्मस्थानाच्या, मागच्या वास्तव्याच्या रकान्यात बीड लिहून घ्यावं. मग हंगामात बाहेर असलेल्यांचा हा आकडा जिल्हा परिषदेनं मागून घ्यावा, आणि पाणी, धान्य, शाळेतल्या जागा ठरवताना तो बीडच्या आकड्याशेजारी मांडावा.