चेंडूच्या आधी नजर

मुलांनो, हा पाठ वाचण्याआधी तुमची फूटपट्टी बाहेर काढा. शेजारच्या मित्राला ती वरच्या टोकाला धरून उभी लटकत ठेवायला सांगा. खाली शून्याच्या खुणेजवळ तुमचा अंगठा आणि बोट उघडे ठेवा. तो न सांगता पट्टी सोडेल; तुम्ही ती पकडायची. बहुतेकांच्या बोटांत ती १५ ते २० सेंटीमीटरच्या आसपास सापडते. २० सेंटीमीटर खाली यायला पट्टीला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. डोळ्यांनी पाहिले, मेंदूला कळले आणि बोटे मिटली, यात एवढा वेळ गेला.

मी आठवीच्या वर्गात हा प्रयोग केला. सगळ्यांचे लक्ष वर्गातल्या क्रिकेटवीराकडे होते. त्याची पट्टी १८ वर थांबली. ज्याने कधी बॅट हातात धरली नव्हती, त्या मुलाचीही १८ वरच! वर्गात हशा पिकला. क्रिकेटवीर मात्र हिरमुसला. "टीचर, मग मी त्याच्यापेक्षा चांगला कसा खेळतो?" त्याने विचारले.

प्रश्न अगदी योग्य होता. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे सुमारे २० मीटर लांब. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. शिवाय बॅट फिरवायलाही वेळ हवाच. मग पुढे जायचे की मागे, मारायचा की सोडायचा, हे ठरवायला उरते काय?

पीटर मॅक्लिओड या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली कसलेल्या फलंदाजांची परीक्षा घेतली. टप्पा पडल्यावर अचानक वळणारे चेंडू त्यांना खेळायला दिले. त्यांनाही आपला फटका बदलायला सेकंदाचा पाचवा भाग लागलाच. तुमच्याआमच्याइतकाच! पुढे २००० साली मायकल लँड आणि मॅक्लिओड या दोघांनी फलंदाजांच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवून त्यांची नजर कुठे जाते, ते टिपले. आपल्याला वाटते, चांगला फलंदाज चेंडूवरून नजर हटवत नाही. प्रशिक्षकही तसेच ओरडून सांगतात. पण नजर चेंडूबरोबर सरकत येतच नव्हती. चेंडू सुटताना ती त्याच्यावर असे. मग एकदम उडी मारून तो जिथे टप्पा घेणार, तिथे आधीच जाऊन थांबे. चेंडू मागाहून तिथे येई. कुशल फलंदाजाची नजर लवकर पोहोचे, कच्च्या खेळाडूची उशिरा. फरक हाताच्या चपळाईत नव्हता. पुढे काय होणार, हे आधी ओळखण्यात होता.

ही ओळख चेंडू सुटण्यापूर्वीच सुरू होते. गोलंदाजाचे मनगट, त्याचा खांदा, चेंडूची कोणती बाजू चकचकीत आहे, हे सारे फलंदाज वाचत असतो. म्हणून तर श्रीरामपूरचा झहीर खान धावत येताना चेंडू धरलेला डावा हात उजव्या हाताने झाकून घेई. चकाकी दिसली नाही, तर चेंडू कुठल्या बाजूला वळेल याचा अंदाज कसा करणार? २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. त्यात या लपवाछपवीचाही थोडा वाटा असावा, असे मला वाटते.

मला स्वतःला क्रिकेटपेक्षा खो-खो अधिक आवडतो. त्यात विचार करायला वेळच नसतो, असे लोक म्हणतात. पण नियम आठवून पाहा. पळणारी मुलगी ओळीतून हवी तशी आरपार जाऊ शकते. पाठलाग करणारीला ओळ ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की मध्येच मागे फिरता येत नाही. पाठीवर थाप पडून "खो" ऐकू आले, की त्याच क्षणी डावीकडे की उजवीकडे, हे ठरवावे लागते. चुकले, की समोरची निसटली!

आमच्या शाळेत नववीत एक मुलगी होती. प्रश्न विचारला की ती बराच वेळ गप्प उभी राही. तालुक्याच्या सामन्यांपूर्वी तिचे वडील शाळेत आले. "ही डोक्याने मंद आहे. तिचे खेळणे बंद करा," ते म्हणाले. ती दाराशीच उभी होती. तिने मान खाली घातली.

मैदानावर मात्र तिची दिशा क्वचितच चुकत असे. "तुला आधी कसे कळते?" मी तिला एकदा विचारले. नेहमीप्रमाणे ती गप्प राहिली. मग मी तिला खो-खोवर दहा ओळी मराठीत लिहून आणायला सांगितले. तिने सहाच आणल्या. त्यांतल्या पाच पायांविषयी होत्या : वळण्याआधी कोणाचे पाऊल आखूड पडते, कोणाचा खांदा एकीकडे झुकतो पण पाय खरे सांगतो, दमल्यावर कोण नेहमी डावीकडेच वळते. सहा मुलींच्या सवयी तिने नावानिशी लिहिल्या होत्या. व्याकरणाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या मी दुरुस्त केल्या नाहीत.

ती वही मी तिच्या वडिलांपुढे ठेवली. त्यांनी बोट फिरवत सावकाश वाचली, पान उलटून पाहिले आणि मग विचारले, "सामना किती वाजता आहे?"