दाराजवळची सतरंजी

स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा बहुतेकांना १४ एप्रिलची मिरवणूक आणि लेझीम आठवले असेल. अकोल्याकडून अमरावतीला शिकायला आलेल्या आम्हां चौघांना मात्र एका सोबत्याची पाठ आठवली.

आठवीच्या वर्षी तो आमच्या खोलीत आला. एस.टी. स्टँडपासून पत्र्याची पेटी खांद्यावरून आणली होती. सदरा काढला, तर खांद्यावर पेटीच्या कडेएवढा लालसर, फुगलेला वळ. कमरेच्या नाड्याखाली तशाच गांधी. पाठ खाजवली की प्रत्येक बोटाची वेगळी रेघ उमटे आणि अर्ध्या तासात दिसेनाशी होई. स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, पित्त आहे. आमसूल भिजवून चोळले. आम्ही म्हणालो, खरूज.

मग आम्ही त्याची सतरंजी दाराजवळ सरकवली. ताट वेगळे केले. हौदावर तो आधी गेला, तर आम्ही दूर थांबत असू. हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते, किंवा फार पूर्वीच शिकवले गेले होते. ज्या अमरावतीत १९२७ साली अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह उभा राहिला, त्याच गावात आमची ही शिवाशीव चालली होती. आजारी भिक्खूला स्वतः आंघोळ घालणाऱ्या तथागतांची गोष्ट तर तोंडपाठ होती!

अखेर गुरुजी त्याला दवाखान्यात घेऊन गेले, सोबत आम्हीही. डॉक्टरांनी पेनच्या टोपणाने पाठीवर रेघ ओढली आणि थांबायला सांगितले. पाच-सात मिनिटांत ती दोरीसारखी वर आली. याला डर्मोग्राफिझम म्हणतात, म्हणजे त्वचेवरचे लेखन. घासले वा दाबले की त्वचेतील पेशी हिस्टामीन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि कातडी फुगते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे डॉक्टर अशा रुग्णांच्या पाठीवर अक्षरे काढून पाहत. शंभरांत दोन-चार जणांना हे असते. एकाचे दुसऱ्याला कधीच लागत नाही. खाजेवर गोळी, सैल कपडे, एवढेच उपचार.

त्या रात्री सतरंजी आम्ही मुकाट्याने परत आणली. दुसऱ्या दिवशी त्याने हात पुढे केला, "लिहा रे आपापली नावं." निंबाच्या काडीने आम्ही लिहिली. ताट वेगळे करणारा मागे उभा होता; त्याला त्याने हाताला धरून बोलावले. चारही नावे उठली, आणि वंदनेची घंटा होईपर्यंत विरून गेली. ताटाविषयी तो तेव्हा बोलला नाही, पुढेही कधी नाही.