गाडी झोपवताना

सप्टेंबरच्या अखेरीस माझ्या धाकट्या भावाची बायपास झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच्याकडे पोहोचलो. तो मिसिसागात राहतो, टोरंटोच्या शेजारी. तिथे जाऊन पंचवीस वर्षं झाली त्याला. निघताना आमच्या घरातून प्रश्न आलाच, की तुम्ही तिथे जाऊन करणार काय? तुम्हाला ना स्वयंपाक येतो, ना डॉक्टरांशी इंग्रजी बोलता येतं. रिटायर मास्तरांचा तसा उपयोग कुठेच नसतो, त्यामुळे मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर चहा झाला आणि भाऊ मला घेऊन गॅरेजमध्ये गेला. मला वाटलं, निवांत जागा आहे, तब्येतीचं काही सांगायचं असेल. त्याने दिवा लावला. समोर लाल रंगाची दोन सीटची गाडी. माझदा मियाटा, २००१ची. कापडी छपराची, इतकी बुटकी की छपरावर सहज हात टेकता येतो.

"भाई, मीठ पडायच्या आत हिला झोपवायचीये. मला उचलायला, ढकलायला मनाई आहे. तू करशील?"

ही गाडी मी ओळखत होतो. प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होतो, पण नऊ वर्षं ती माझ्या डोक्यात उभी होती. ते पुढे येईलच.

आधी मिठाचं सांगतो, कारण आपल्याकडे हे कुणाला पटत नाही. त्या मुलुखात बर्फ पडायला लागला की रस्त्यांवर मीठ टाकतात. चिमूटभर नव्हे, ट्रक भरभरून. मिठाने पाणी गोठायचा बिंदू खाली जातो आणि रस्ता काचेसारखा होत नाही. अख्ख्या कॅनडात वर्षाला पन्नास लाख टनांच्या आसपास मीठ असं रस्त्यावर जातं. त्याच प्रांतात गॉडरिच नावाच्या गावी ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली साडेपाचशे मीटर खोल मिठाची खाण आहे, भूमिगत मिठाच्या खाणींत जगातली सर्वांत मोठी. आम्ही मिठागरांच्या मुलखातले. १९३०मध्ये शिरोड्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. आणि इथे ते चाकांखाली तुडवायला टाकतात! माणसं घसरून मरण्यापेक्षा ते बरं, हे मला कळतं. पण हे मीठ चिखलात मिसळून गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा खातं. रोजच्या गाड्या ते सोसतात. हौसेची, जुनी, जमिनीलगत चालणारी गाडी मात्र लोक नोव्हेंबरात बंद करतात आणि एप्रिलमध्ये, पावसाने रस्ते धुतले गेले की काढतात. तिचे टायरही उन्हाळी असतात. पारा सातच्या खाली गेला की त्यांचं रबर कडक होतं, पकड जाते. फार थंडीत हलवले तर तडे जातात.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

आमचे अब्बा जेटीवर लाँचच्या इंजिनांचे मिस्त्री होते. रत्नागिरीच्या खाडीकाठचं आमचं गाव. मे अखेरीला आगोटीची धावपळ सुरू झाली की घरोघर लाकडं आणि सुकी मच्छी भरून ठेवायचे, होड्या वर ओढून झापांनी शाकारायचे, आणि अब्बा एकेका इंजिनाला झोपवत फिरायचे. हा शब्द त्यांचाच. आम्ही दोघं भाऊ डबा आणि चिंध्या घेऊन मागे. त्यांचा एक नियम होता: तेल झोपवताना बदलायचं, उठवताना नाही. वापरलेल्या तेलात आम्ल असतं, पाणी असतं. ते महिनोन् महिने आत राहिलं की बेअरिंगला चाटत बसतं. खलाशी म्हणायचे, मिस्त्री, दोन महिने इंजिन चालणारच नाही, नवं तेल कशाला वाया घालवायचं? अब्बा उत्तर न देता नट सैल करायचे.

मिसिसागाच्या गॅरेजमध्ये पहिलं काम तेच निघालं. भाऊ घडीच्या खुर्चीत, छातीशी उशी धरून. ऑपरेशननंतर खोकला आला की दाबून धरायला ही उशी असते. मी गाडीखाली. या गाडीचा तेलाचा फिल्टर कुणी त्या जागी बसवला त्याला एकदा भेटायचंय. वरून हात जात नाही, खालून दिसत नाही. मनगट दोन ठिकाणी सोललं. भाऊ वरून सांगत होता, "डावीकडे, अजून डावीकडे," आणि मध्येच हसला. हसताना उशी घट्ट धरली. जुनं तेल निघालं, चार लिटरला जरा कमी नवं गेलं.

मग पेट्रोल. टाकी अर्धी ठेवली तर वरच्या रिकाम्या हवेतली वाफ थंडीत पाणी होऊन आत उतरते, म्हणून ती गळ्यापर्यंत भरायची. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. आपल्याकडे आता वीस टक्के झालंय, तेव्हा महिनोन् महिने स्कूटर उभी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पेट्रोल नासू नये म्हणून एक औषध मिळतं, ते टाकीत ओतायचं आणि दहा मिनिटं इंजिन चालवायचं, म्हणजे औषध नळ्यांतून इंजेक्टरपर्यंत पोहोचतं.

पण पंपावर नेणार कोण? पुतण्या एकोणीस वर्षांचा, लायसन असलेला, पण त्याला गिअरची गाडी येत नाही. तिथल्या पोरांना क्लच म्हणजे काय ते माहीत नाही. शेवटी मीच बसलो. चाक डावीकडे, गिअर उजव्या हाताला, रस्त्याची बाजू उलटी. वळायच्या वेळी इंडिकेटर समजून दांडा ओढला की वायपर फिरायचे. कोरड्या काचेवर फर्रफर्र. शेजारी भाऊ, उशी छातीवर, उशीवरून पट्टा. तीन किलोमीटरचा रस्ता. एका सिग्नलला तो म्हणाला, "जरा दाब ना भाई." दाबली. खोटं कशाला सांगू, गाडी छान आहे. कंबर रस्त्यावर घासतेय असं वाटतं आणि मन हलकं होतं. नऊ वर्षं जिचा राग केला तिच्यात बसून आपण हसतोय, हे मला जरा लागलंच.

आता ते सांगतो. २०१६च्या जुलैत आमच्या घराची मागची पडवी बसली. कौलं, वासे, सगळं. अम्मा तेव्हा पुढच्या खोलीत होती म्हणून वाचली. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, सध्या जमणार नाही. मी सोसायटीतून कर्ज काढलं. ऑगस्टमध्ये कुणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: भाऊ, लाल गाडी, डोळ्यांवर काळा चष्मा. मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणूनच ते राहिलं.

पंपावरून आल्यावर गाडी धुतली. पुढचे दोन दिवस हेच. आधी पाण्याचा मारा चाकांच्या कमानीत आणि पोटाखाली, मग वरून. पक्ष्याची विष्ठा राहिली तर पाच महिन्यांत रंग उतरतो. मग पुसून, हवेवर वाळवून मेण. कूलंटची परीक्षा झाली. निम्मं पाणी, निम्मं औषध असेल तर उणे सदतीसपर्यंत गोठत नाही. बॅटरी या गाडीत मागे, डिकीत असते. तिला एक लहान चार्जर जोडला. तो ती भरली की थांबतो, उतरली की सुरू होतो. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली मात्र शून्याच्या थोडं खालीच गोठून फुटते. टायरमध्ये एरवी २६ची हवा असते ती ४० केली, कारण एकाच जागी उभं राहून टायर खालून चपटा होतो. हॅण्डब्रेक ओढायचा नाही, तो गंजून चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे. आपल्याकडे पावसाळ्यातही हेच करावं. काही लोक गाडी घोड्यांवर उचलून ठेवतात. भाऊ म्हणाला नको, मीही जोर केला नाही.

छप्पर बंदच ठेवायचं; दुमडलं तर घड्या बसतात. छपरावरचं पाणी सीटच्या मागे दोन भोकांतून आत उतरतं आणि दारामागे, मागच्या चाकाच्या पुढे खाली पडतं. ही भोकं पाचोळ्याने तुंबली की पाणी आतल्या आत साचतं आणि दाराखालची पट्टी आतून सडते. बाहेरून रंग तकतकीत. या गाड्या बहुतेक तिथेच मरतात. मी नायलॉनची जाड दोरी आत सारत होतो आणि ओला पाचोळा बाहेर येत होता. भाऊ बॅटरी धरून उजेड दाखवत होता.

तो म्हणाला, "भाई, त्या साली पैसे होते माझ्याकडे."

(आम्ही घरात कोकणी बोलतो, इथे मराठीत उतरवतोय.)

मी दोरी सारत राहिलो.

"गाडी एप्रिलात घेतली, पण नंतरही थोडे होते. दिले नाहीत. दर पावसाळ्यात घराचं काहीतरी पडायचं. एक वर्ष मला वाटलं, पडू दे."

मला वाटायचं, हे ऐकलं की मी खूप बोलेन. नऊ वर्षं वाक्यं जुळवली होती. त्याऐवजी माझंच एक बाहेर आलं. मी त्याला सांगितलं की तेव्हा अम्माला मी खोटं बोललो होतो. तिला म्हटलं, त्याचं काम सुटलंय, त्याची ओढाताण चाललीये, त्याच्याकडे काही मागू नको. फोटो आला तेव्हा तो तिला दाखवला नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर कर्ज मी काढलं, एवढं तिच्या लक्षात राहावं, असंही होतं. ती २०१९ला गेली तेव्हाही तिच्या हिशेबात तो गरीबच होता.

बराच वेळ तो काही बोलला नाही. उजेड जिथे हवा तिथून सरकला होता.

"म्हणून ती दर फोनला विचारायची होय," तो म्हणाला. "जेवतोस ना नीट? मी बायकोला म्हणायचो, अम्मा अशी का विचारते?"

मग तो म्हणाला, "उजवीकडचं भोक राहिलंय."

मी उजवीकडचं भोक साफ केलं.

जुम्म्याला मशिदीत त्याच्या ओळखीचे एक चाचा भेटले. गाडीचं कळल्यावर म्हणाले, पाच महिने नुसती उभी राहणारी वस्तू म्हणजे इसराफच. भाऊ हसून गप्प. स्वतःच्या वापराच्या वाहनावर जकात नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, पण उधळपट्टीचा प्रश्न उरतोच, आणि तो मीही मनात नऊ वर्षं विचारत होतो. आता मात्र मला त्या चाचांचा राग आला. आमच्या गावातली प्रत्येक होडी दोन महिने उभी असते, असं काहीतरी मी म्हटलं. ते उदाहरण बरोबर नाही. होडी पोट भरते.

शेवटचं काम उंदरांचं. थंडीत ते उबेला येतात, हवेच्या फिल्टरमध्ये घर करतात, वायरी कुरतडतात. म्हणून सायलेन्सरच्या नळीत आणि हवा आत जाते त्या तोंडात स्टील वूल कोंबतात. आपल्या भांडी घासायच्या तारेचाच हा बारीक प्रकार. दोन पिंजरेही लावले. वरून सुती कापडाचं झाकण. प्लॅस्टिक नको, आत दमट होतं. मधूनमधून पाच मिनिटं इंजिन सुरू करून बघायची इच्छा होते, ती आवरायची. इंजिन पुरतं तापत नाही आणि पाणी मात्र आत धरतं. विम्यात फक्त आग-चोरीचं ठेवलं, रस्त्यावरचं बंद केलं.

आणि एक चिठ्ठी स्टिअरिंगला बांधायची, म्हणजे एप्रिलमध्ये चावी फिरवायच्या आधी काय काय काढायचं ते विसरत नाही. नळीत कोंबलेलं तसंच ठेवून इंजिन सुरू केलं तर पंचाईत. पुतण्या मोबाइलवर इंग्रजीत टाइप करायला बसला. भाऊ म्हणाला, "भाईला लिहू दे. मराठीत."

"अब्बा, मला मराठी वाचता येत नाही."

"तुला कुठे वाचायचंय."

मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मास्तरी अक्षरात लिहिलं: तार दोन ठिकाणी, मागे नळीत आणि पुढे हवेच्या तोंडात. हवा २६ करणे. चार्जर काढणे. ठोकळे काढणे. ब्रेक दाबून बघणे. भावाने वाचून बघितलं आणि 'तार'खाली पेनने दोन रेघा ओढल्या.

मी नोव्हेंबरअखेर परतलो. जानेवारीत तिकडे पारा उणे वीसपर्यंत गेला. त्या रात्री त्याने फोटो पाठवला. अंधारं गॅरेज, झाकणाच्या खालून आलेली वायर आणि चार्जरचा हिरवा दिवा. खाली काही लिहिलं नव्हतं. मी पडवीत बसलो होतो, मीही पडवीचा काढून पाठवला. लगेच त्याचा फोन आला, की कोपऱ्यातला वासा काळा दिसतोय, वाळवी आहे का बघ.