सीमोल्लंघन झाल्यावर ये

जुन्नर,
अधिक ज्येष्ठ

चि. ताईस,



जावईबापूंना आणि मुलांना जुन्नर-आंबेगाव नीट दाखवायचं आहे, हाताशी आठ-दहा दिवस आहेत, तर कोणत्या महिन्यात यावं, असं तू विचारलंस. सोबत युरोपातला तुझा अनुभवही कळवलास. रेल्वेने फिरायचं तर जुलै-ऑगस्टची गर्दी आणि महागाई टाळायची, मे-जून किंवा सप्टेंबर गाठायचा, बाकी कधीही गेलं तरी फारसं बिघडत नाही. तिकडे हे खरं आहे. पण ते खरं ठरतं रेल्वेमुळे, हे ध्यानात घे. तिथे ऋतूचा मार प्रवाशाच्या वतीने रेल्वे सोसते. २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून जाताना वर आल्प्सवर बर्फ पडतंय की ऊन, हे डब्यातल्या माणसाला कळतही नाही. अर्थात तिकडेही सगळंच बारमाही नाही. ग्लेशियर एक्सप्रेस ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बंदच असते. पण ती बंद असते हे वेळापत्रकात आधी छापलेलं असतं. आपल्या दोन्ही तालुक्यांत रूळच नाहीत. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे, आणि आखलेला मार्ग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या जवळून जात असल्याने तोही बदलायचं ठरलं. म्हणजे तुम्ही येणार एसटीने नाहीतर भाड्याच्या गाडीने, आणि पुढे पायी. इथे ऋतू थेट अंगावर येतो. तेव्हा आधी महिना ठरवायचा आणि मग ठिकाणं, असा उलटा क्रम इथे लागतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो: दसरा ते दिवाळी. हे मत माझ्या आवडीचं नाही, या मुलखाच्या वहिवाटीचं आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणी आहेत. ती ज्यांच्यासाठी कोरली ते भिक्षू एरवी फिरतीवर असत. आषाढी पौर्णिमेला ते एका जागी बसत आणि वर्षावास संपवून आश्विन पौर्णिमेनंतर पुन्हा वाटेला लागत. नाणेघाटाचा व्यापारही याच चक्रावर चाले. इजिप्तहून जुलैत निघालेली जहाजं नैर्ऋत्य वाऱ्यावर पश्चिम किनाऱ्याला लागत ती पावसाळा सरता सरता. माल कल्याणहून घाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा तो वाट सुकल्यावर. मानमोडी आणि शिवनेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत, ती या व्यापाराची साक्ष. मराठ्यांची फौज मोहिमेवर निघे दसऱ्याला, सीमोल्लंघन करून. भिक्षू, व्यापारी आणि शिपाई या तिघांची कामं वेगळी, शिपायाचं तर शतकही वेगळं, तरी तिघांनीही बाहेर पडायला एकच मुहूर्त धरला. आणि ज्याने तो धरला नाही त्याचीही नोंद आहे. १४७० च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकायला म्हणून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात इथेच अडकला. या दिवसांना तो हिवाळा म्हणतो आणि चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल असल्याचं लिहितो. त्यात इथल्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. घोडा पुढे परत मिळाला, हे त्याचं नशीब.

यावर तू म्हणशील की लोक तर पावसाळ्यातच येतात, माळशेज घाटातले धबधबे आणि नाणेघाटातला उलटा धबधबा तेव्हाच दिसतो. दिसतो, हे मी नाकारत नाही. दरीतून वर घुसणारा वारा कड्यावरून पडणारं पाणी उलटं आभाळात फेकतो, ते पाहण्यासारखं असतं. पण उरलेला हिशेब मांडून बघ. धुकं असं दाटतं की नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण हाताने चाचपावा लागतो, आणि सातवाहन राणी नागनिकेचा लेख ज्या गुहेच्या भिंतींवर आहे तिथे पाऊस चुकवायला शिरलेल्यांची दाटी असते. हा लेख भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या पुराव्यांपैकी एक, आणि नेमका तोच वाचता येईल इतका उजेड त्या दिवसांत नसतो. १८१८ च्या युद्धात इंग्रजांनी जीवधन आणि चावंड या गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. जे खडक उरले ते शेवाळाने गुळगुळीत होतात, तिथे मुलांना न्यायचं नाही. शिवाय शनिवार-रविवारी घाटातला रस्ता म्हणजे गाड्यांची रांग. २०२४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी धबधबे-धरणांच्या जागी बंदीहुकूम काढला, त्यात आपले दोन्ही तालुके होते. लोक त्यावर कुरकुरले, पण ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं आणि १५१ माणसं गेली, हे ज्यांना आठवतं ते कुरकुरणार नाहीत. ज्या डोंगराखाली माणसं श्रावण जीव मुठीत धरून काढतात, तिथे त्याच दिवसांत गाडीतली गाणी मोठ्याने लावून नाचायला जाऊ नये, असं मला वाटतं. कोणाला हे सोवळेपण वाटेल. वाटू दे.

दुसरा आक्षेप डिसेंबरचा. नाताळची सुट्टी मोठी, हवा थंड, आभाळ स्वच्छ. गड चढायला याहून सोयीचे दिवस नाहीत हे खरं. पण तोवर डोंगर पिवळा पडलेला असतो, ओढे आटलेले असतात, आणि वर्षअखेरच्या आठवड्यात निम्मं पुणं याच रस्त्यावर असतं. आश्विनात मात्र पाऊस थांबलेला आणि त्याची कमाई अजून शाबूत, असे तीन-एक आठवडे मिळतात. आहुप्याकडे किंवा डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला जा. भातखाचरं टप्प्याटप्प्याने उतरत गेलेली, लोंब्या भरून वाकलेल्या, वरच्या खाचरात अजून हिरवट तर खालच्यात विळा लागलेला. बांधावर तेरडा संपत आलेला आणि पठारावर सोनकीचा पिवळा रंग अजून टिकून. लेण्यांसमोरची खडकात खोदलेली टाकी काठोकाठ असतात. ही लेणी कोरणाऱ्यांनी पाण्याची सोय किती बारकाईने केली होती, पन्हळीतून आलेलं पाणी टाक्यात कसं सोडलं होतं, हे टाकं भरलेलं असतानाच समजतं. उन्हाळ्यात तिथे फक्त एक चौकोनी खड्डा दिसतो.

ऑक्टोबर हीट आणि परतीचा पाऊस, हे दोन आक्षेप मात्र खरे आहेत. दुपारी बारानंतर शिवनेरीच्या सात दरवाजांतून चढणं म्हणजे शिक्षा, म्हणून गड सकाळी सातला सुरू करायचा आणि दुपार लेण्यांच्या सावलीत काढायची. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्याही सकाळीच. परतीच्या पावसाचं मी हमीपत्र देऊ शकत नाही. २०१९ मध्ये ऑक्टोबर संपेपर्यंत पाऊस हटला नव्हता आणि द्राक्षबागायतदारांचं कंबरडं मोडलं होतं. पण सरासरीने ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो इथून निघतो, आणि यंदा अधिक महिन्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला आला आहे. म्हणजे धोका बराच कमी. बिबट्याचं म्हणशील तर तो बाराही महिने इथलाच आहे. त्याची वस्ती उसात. दिवस मावळल्यावर उसाच्या कडेने पायी फिरायचं नाही आणि लहान मुलाला एकटं सोडायचं नाही, हा नियम आम्ही पाळतो तसा तुम्हीही पाळायचा.

एक सवलत देतो. तुम्हाला डोंगरांपेक्षा माणसं बघायची असतील तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेव आणि चैत्रात ये. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात, घासाघीस चालते. तमाशा कलावंत विठाबाईंच्या गावचा हा बाजार युरोपातल्या कुठल्याच वेळापत्रकात बसणार नाही. जावईबापूंना खोडदची दुर्बीण बघायची असेल तर २८ फेब्रुवारी, विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली करतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, जवळून बघण्याजोग्या. पण एकाच खेपेत सगळं हवं असेल तर ते जमणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मुलांची शाळेची शरदातली सुट्टी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आहे असं तूच लिहिलं आहेस. तेव्हा विमानाची तिकिटं दसऱ्यानंतरची काढ. पुण्यात एक दिवस थांबून आठवड्याच्या मधल्या दिवशी इकडे या, शनिवार-रविवार घाटाकडे फिरकायचं नाही. पावसासाठी दोन दिवस रिकामे ठेवा आणि मुलांना चांगल्या पकडीचे बूट घ्या. तारीख नक्की झाली की कळव, म्हणजे गाडीवाल्याला आत्ताच सांगून ठेवतो. दिवाळीच्या तोंडावर गाड्या मिळत नाहीत.

तुझा,
मामा